बाई, एक्सेल पुढचे आकडे आपोआप देतं, मग सूत्र कशाला?

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की दहावीचा अंकगणिती श्रेढीचा (दर वेळी सारखाच आकडा मिळवत जाणाऱ्या क्रमाचा) धडा मी हल्ली फळ्यावर नाही, एक्सेलच्या कोऱ्या शीटवर सुरू करते. झालं! त्या एका वाक्यावर मेल आणि व्हॉट्सॲपचा नुसता पाऊस. निम्मे म्हणतायत वा बाई, निम्मे म्हणतायत पोरांची डोकी गहाण टाकताय. म्हणून या महिन्यात दुसरा विषयच नको, श्रेढीवरचीच पत्रं घेते. एक आधीच सांगते, इथे सगळं देवनागरीत छापायचं असल्यामुळे सेलची नावं मी ए१, बी१ अशी लिहिलीयेत, तुम्ही करून बघताना अर्थातच कीबोर्डवरची इंग्रजी अक्षरं टाका, नाहीतर शीट तुमच्यावर लाल होईल आणि तुम्ही माझ्यावर.

नमस्कार बाई. माझा मुलगा दहावीला आहे, सेमी इंग्लिश. श्रेढीची गणितं आली की तो लॅपटॉपवर दोन आकडे टाकतो, कोपरा धरून खाली ओढतो, शंभरावं पद काय आलं ते बघतो आणि वहीत उत्तर लिहून मोकळा. वर मलाच म्हणतो, आई सूत्र कशाला पाठ करायचं? ह्याला रागवू का कौतुक करू?
*– एक आई, कोल्हापूर*

ताई, आधी कौतुक करा, मग कोंडीत पकडा. कौतुक अशासाठी की त्याला हे कळलंय की दोन आकडे दिले की अख्खी श्रेढी हातात आली. एक आकडा दिला तर शीट तोच खाली खाली उतरवत बसते, दोन दिले तर त्यांच्यातला फरक काढून पुढे चालू लागते. हाच तो पुस्तकातला सामान्य फरक, डी.

आता कोंडी. त्याला म्हणावं, ५, ८, ११ या श्रेढीचं वीस लाखावं पद ओढून काढ. तो ओढत बसेल, बोट दुखेल, आणि १०,४८,५७६ व्या ओळीवर शीटच संपेल, कारण एक्सेलमध्ये ओळी तेवढ्याच असतात. मग तुम्ही कागद घ्यायचा आणि लिहायचं: पहिलं पद ५, त्यानंतर १९,९९,९९९ वेळा ३ मिळवायचे, म्हणजे ५ + ५९,९९,९९७ म्हणजे ६०,००,००२. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या होतं. सूत्र कशाला, ह्याचं उत्तर तिथल्या तिथे मिळालं की नाही? मला स्वतःला हे सुचलं नव्हतं बरं का, वर्गातल्या एका उपद्व्यापी पोराने तळ गाठून दाखवला होता तेव्हा कळलं.

दुसरी कोंडी मला जास्त आवडते. त्याला म्हणा २, ४, ८ असे तीन सेलमध्ये तीन आकडे टाक, तिन्ही सिलेक्ट कर आणि ओढ. पण ओढायच्या आधी पुढचा आकडा वहीत लिही. तो १६ लिहील, कोणीही लिहील. एक्सेल देतं १०.६७. (दशांश पुढे लांबत जातात, मी तोडलेत.) त्यापुढे १३.६७, मग १६.६७. पोरं आधी हसतात, मग म्हणतात बिघडलंय. बिघडलेलं काही नाही. एक्सेल त्या तीन आकड्यांच्या जवळून जास्तीत जास्त नीट जाणारी एक सरळ रेषा काढतं आणि त्या रेषेवरून पुढे चालतं. आणि सरळ रेषा म्हणजे काय, दर वेळी सारखीच वाढ, इथे ३ ची. म्हणजे तुम्ही दिली गुणोत्तर श्रेढी (दर वेळी त्याच आकड्याने गुणत जाणारी, इथे २ ने) आणि त्याने तिची अंकगणिती करून ठेवली! उजवं बटण दाबून ओढलं तर मेनू येतो, त्यात ग्रोथ ट्रेंड निवडलं की मग १६, ३२ असं सरळ येतं. पण ते निवडायचं की नाही हे कुणी ठरवायचं, तर ज्याला श्रेढी कुठली आहे हे कळलंय त्याने.

राहता राहिली परीक्षा. तिथे लॅपटॉप नाही, कॅल्क्युलेटर पण नाही, आणि मार्क स्टेप्सना असतात, नुसतं उत्तर लिहिलं तर गेले. हे मात्र तुम्ही बोलू नका, तुम्ही बोललात की तो ऐकणार नाही, क्लासच्या सरांना बोलू द्या.

बाई, एनवं पद काढताना एन ने का नाही गुणायचं? एन वजा एक कुठून येतं? सर म्हणतात सूत्र आहे, पाठ कर. मी पाठ केलंय पण दर चाचणीत तिथेच चुकते.
*– दहावीतली मुलगी, सातारा*

अगं पाठ केलंस म्हणूनच चुकतेस. रस्त्याकडेचे विजेचे खांब मोज. दहा खांब असतील तर मधली अंतरं किती? नऊ. पदं म्हणजे खांब आणि फरक म्हणजे अंतर. पहिल्या खांबापाशी तू उभीच आहेस, तिथे जायला चालावं लागत नाही. दहाव्या खांबापर्यंत नऊ वेळा चाललीस, म्हणून टी-दहा, म्हणजे दहावं पद, बरोबर ए (पहिलं पद) अधिक नऊ डी. बस.

आता हेच शीटवर स्वतः बांध, ओढायचं नाही, बांधायचं. ए१ मध्ये १ टाक, ए२ मध्ये २, आणि हा पदाचा क्रमांक खाली ३० पर्यंत ने (इथे ओढलंस तर माझी हरकत नाही). डी१ मध्ये पहिलं पद, समजा ५, डी२ मध्ये सामान्य फरक, समजा ३. बी१ मध्ये लिही =$डी$१+(ए१−१)*$डी$२ आणि हे खाली उतरव. डॉलरचं चिन्ह म्हणजे खिळा, सूत्र खाली उतरलं तरी तो सेल जागचा हलत नाही. आता मुद्दाम वजा एक काढून टाक आणि बी१ कडे बघ. पहिलं पद ५ दिलं होतंस आणि तिथे ८ दिसेल. म्हणजे गाडी पहिलं स्टेशन सोडूनच निघाली! ही चूक एकदा डोळ्यांनी बघितलीस ना की चाचणीत हात आपोआप थांबतो.

वेळ असेल तर मोबाईलवर जिओजेब्रा हे गणिताचं ॲप घे, फुकट आहे. ए आणि डी चे दोन स्लायडर कर आणि ठिपके काढ, आडव्या अक्षावर पदाचा क्रमांक, उभ्यावर पद. डी चा स्लायडर सरकवलास की ठिपक्यांची ओळ जिन्यासारखी चढते, ऋण केलास की उतरते. शून्यावर थांबव. सगळे ठिपके एका पातळीत. मग ५, ५, ५, ५ ही अंकगणिती श्रेढी आहे का? आहे, फरक शून्य आहे इतकंच, आणि हा प्रश्न एका मार्काला विचारण्याजोगा आहे. आणि एक, ठिपके रेषेने जोडू नकोस. दुसऱ्या आणि तिसऱ्या पदाच्या मध्ये काही नसतं. अडीचावा खांब असतो का कुठे?

बाई, ॲपवर फोटो काढून गणित सोडवलं. प्रश्न होता, ७, १३, १९, २५… या श्रेढीत २६० हे पद आहे का? ॲपने एन बरोबर ४३.१७ दिलं. मी ४३ वं पद असं लिहिलं. मॅडमनी शून्य दिलं. ॲप चुकलं का?
*– दहावीतला विद्यार्थी, परभणी*

नाही रे बाळा, ॲप बरोबर आहे, तू त्याचा निरोप अर्धाच ऐकलास. आत्ताच वर सांगितलं ना, अडीचावा खांब नसतो, तसा ४३.१७ वा पण नसतो. एन ही नैसर्गिक संख्या यायला पाहिजे, नाही आली की उत्तर एकच, २६० हे ह्या श्रेढीतलं पद नाही. ताळा बघ: ४३ वं पद म्हणजे ७ + ४२ × ६ = २५९, आणि ४४ वं २६५. मध्ये २६० ला पाय ठेवायला जागाच नाही.

तुझ्या मॅडमनी शून्याऐवजी स्टेप्सचे मार्क द्यायला हवे होते असं मला वाटतं, पण तू स्टेप्स लिहिल्याच नसशील तर त्या तरी काय करणार. आणि अजून एक सोपी युक्ती, जी कुठलंच ॲप मला आजवर स्वतःहून सांगताना दिसलं नाही: ह्या श्रेढीतल्या प्रत्येक पदाला ६ ने भागलं तर बाकी १ च उरते. ७ घे, १३ घे, २५ घे. २६० ला भागलं तर बाकी २. संपलं. फोटो काढायला फोन अनलॉक करेपर्यंत उत्तर आलं असतं.

आदरणीय मॅडम, तुमचं सगळं ठीक आहे, पण आमची शाळा तालुक्याच्या गावापासून आत आहे. कॉम्प्युटर लॅबमध्ये आठ मशीन, त्यातली तीन सुरू. स्मार्ट टीव्ही आहे पण लाईटचा भरवसा नाही. मुलांकडे घरी एकच मोबाईल, तो वडिलांसोबत शेतावर. तंत्रज्ञानाने श्रेढी कशी शिकवायची?
*– गणित शिक्षक, बीड जिल्हा*

सर, तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस उत्तर लिहिलंच नाही, कारण लॅपटॉपवर बसून तुम्हाला उपदेश करणं फार सोपं आहे. माझ्या पहिल्या शाळेत तर लॅबच्या खोलीला कुलूप असायचं आणि किल्ली ज्यांच्याकडे ते कायम रजेवर. तर जे मी तेव्हा केलं तेच सांगते.

दुकानातला साधा कॅल्क्युलेटर आणा, दोन-तीन पुरतात. ५ + ३ = दाबा, ८ येतं. आता नुसतं = दाबत राहा: ११, १४, १७. काही कॅल्क्युलेटरवर हे चालत नाही, तिथे ३ + + ५ = करून मग = दाबत जायचं. एक मुलगा बटण दाबणार, बाकी वर्ग पुढचा आकडा आधी ओरडून सांगणार. दहाव्या वेळी काय येईल हे दाबायच्या आधी जो सांगेल त्याला विचारा, कसं काढलंस. त्याने जे सांगितलं ते फळ्यावर लिहा, तेच सूत्र. मी तर म्हणेन लॅब चालू असती तरी मी सुरुवात अशीच केली असती.

आणि दुसरं, रांगोळी. तुमच्या वर्गातल्या मुलींना, आणि हल्ली मुलांना पण, ठिपक्यांची रांगोळी माहितीच असते. १५ ते ८ म्हटलं की मधली ओळ १५ ठिपक्यांची आणि दोन्ही बाजूंना एकेक कमी करत ८ पर्यंत जायचं. एकूण ठिपके किती? मोजू नका. एका बाजूला ८, ९, १०, ११, १२, १३, १४, अशी सात पदं, मधलं पद ११, म्हणून ७७. दोन बाजू १५४, मधली ओळ १५, एकूण १६९. आता लहान रांगोळ्यांपासून सुरुवात करायला सांगा: नुसता एक ठिपका १, मग ३ ते २ ची रांगोळी ७, ५ ते ३ ची १९, ७ ते ४ ची ३७, ९ ते ५ ची ६१. ह्या क्रमिकेत फरक सारखा आहे का? नाही, ६, १२, १८, २४. पण त्या फरकांचीच अंकगणिती श्रेढी झाली! हे ज्या दिवशी मुलांना दिसेल त्या दिवशी तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू येत नाही. टीव्ही आणि लाईट एकाच वेळी हजर झाले की मग ह्याच ठिपक्यांचा आलेख दाखवा, ठिपके सरळ रेषेत नाहीत, वर वळत जातात ते दिसेल.

मधलं पद गुणिले पदांची संख्या, ही जी युक्ती मी वापरली ती काही माझी नाही. भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत श्रेढीव्यवहार म्हणून प्रकरणच आहे, श्रेढी हा शब्द आपल्याकडे त्याच्याही आधीपासूनचा. तिथे पहिल्या पदाला आदि म्हणतात, फरकाला चय, पदांच्या संख्येला गच्छ, मधल्या पदाला मध्यधन आणि बेरजेला सर्वधन. मध्यधन गुणिले गच्छ म्हणजे सर्वधन. मुलांना धन हा शब्द फार आवडतो, पैसे आल्यासारखं वाटतं. आणि आर्यभटाने तर ४९९ सालीच बेरजेचा नियम लिहून ठेवलाय. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाने स्थापलेल्या मठाचा शिलालेख आहे, सहल काढायची झाली तर तिकडे न्या, पाटणादेवीचं जंगल पण सुंदर आहे.

बाई, आमच्या ग्रुपवर रोज "पुढची संख्या ओळखा, ९९ टक्के लोक चुकतात" असं येतं. परवा आलं १, २, ४, ८, १६, ? मी ३२ लिहिलं तर नातवाने ३१ म्हणून सांगितलं आणि मला वेड्यात काढलं. कोण बरोबर?
*– निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे*

काका, दोघंही, आणि वेड्यात कोणीच निघत नाही. नातवाला ३१ कुठून मिळाले ते सांगते. वर्तुळावर बिंदू घ्या आणि प्रत्येक बिंदू प्रत्येकाला सरळ रेषेने जोडा, वर्तुळाचे जास्तीत जास्त किती तुकडे पडतात ते मोजा. एक बिंदू, एक तुकडा. दोन बिंदूंना २, तीनला ४, चारला ८, पाचला १६, आणि सहा बिंदूंना ३१! सात घेतले तर ५७. इतका वेळ दुप्पट दुप्पट चाललेली गाडी सहाव्या स्टेशनवर रूळ बदलते, आणि हे कळायला मोजण्याशिवाय इलाज नसतो.

नातवाला म्हणा जिओजेब्रात काढून दाखव. त्याने सहा बिंदू सारख्या अंतरावर घेतले तर ३० च तुकडे येतील, कारण तीन कर्ण बरोबर मध्यात एकमेकांना भेटतात. मग एक बिंदू बोटाने जरासा सरकवायचा, मध्यात एक चिमुकला त्रिकोण उघडतो आणि ३१ वा तुकडा हजर. कागदावर हे इतकं छान दिसत नाही, ह्या एका गोष्टीसाठी मी मोबाईलला सगळं माफ करते.

म्हणजे नुसते पाच आकडे देऊन पुढचा ओळखा म्हणणं हे गणित नाही, मनातलं ओळखा आहे. नियम सांगा, मग आकडा विचारा. ग्रुपवर पुन्हा असं काही आलं तर नातवाला संख्याक्रमांच्या ऑनलाइन कोशात ते पाच आकडे टाकायला सांगा. नील स्लोन नावाच्या गणितज्ञाने १९६४ मध्ये, स्वतः विद्यार्थी असताना, कार्डांवर असे क्रम लिहायला घेतले, १९७३ ला त्याचं पुस्तक झालं, १९९६ पासून इंटरनेटवर आहे आणि आता त्यात साडेतीन लाखांच्या वर क्रम आहेत, प्रत्येकाला नंबर, फिबोनाचीचा नंबर ए००००४५. १, २, ४, ८, १६ टाकलं की ढीगभर उत्तरं येतात, ती सगळी स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाका. एक-दोन जण ग्रुप सोडतील, सोडू द्या.

मॅडम, फिबोनाची क्रम आपल्या लोकांनी आधी शोधला होता असं फॉरवर्ड आलं, खरं आहे का? आणि मी तो एक्सेलमध्ये केला तर ७४ व्या ओळीनंतर शेवटी नुसतं शून्य शून्य यायला लागलं. एक्सेल हॅंग झालं का?
*– नववीतला मुलगा, नाशिक*

फॉरवर्ड शंभरात एखादं खरं असतं, हे त्यातलं. पण अंतराळयान वगैरे काही नाही, ते आलं कवितेतून. मराठीच्या तासाला लघु-गुरू शिकलास ना? लघु म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन. आता विचार कर, चार मात्रांची जागा किती प्रकारे भरता येईल? चार लघु. किंवा एक गुरू आणि दोन लघु, आणि गुरू पहिला, मधला की शेवटचा असे तीन प्रकार. किंवा दोन गुरू. एकूण ५. एका मात्रेला १ प्रकार, दोनला २, तीनला ३, चारला ५, पाचला ८, सहाला १३. का? कारण ओळ एक तर लघुवर संपते किंवा गुरूवर, लघुवर संपली तर आधी एक मात्रा कमी असलेली ओळ होती, गुरूवर संपली तर दोन कमी असलेली. म्हणून मागच्या दोघांची बेरीज. विरहांक, गोपाळ आणि मग ११५० च्या सुमाराला गुजरातेतले हेमचंद्र, छंदशास्त्र लिहिताना ह्यांनी हे मांडलेलं आहे. इटलीतल्या फिबोनाचीचं सशांच्या जोड्यांचं गणित १२०२ च्या पुस्तकातलं. मला स्वतःला सशांपेक्षा लघु-गुरू बरे वाटतात, ससे कधीच मरत नाहीत हे मुलांना पटवता पटवता माझा अर्धा तास जायचा.

आता तुझी शून्यं. एक्सेल हॅंग नाही झालं, त्याची झेप संपली. ते कुठल्याही संख्येचे १५ अंकच नेमके दाखवतं, पुढच्या जागी शून्य ठेवून देतं. ७३ वं पद ८०६५१५५३३०४९३९३, मोज, पंधरा अंक, एकदम बरोबर. ७४ वं पद खरं आहे १३०४९६९५४४९२८६५७, सोळा अंक, आणि तुला दिसलं असेल शेवटी ६६०. चूक पकडायला मोठा कॉम्प्युटर लागत नाही, ७२ वं पद ४ ने संपतं, ७३ वं ३ ने, बेरीज ७ ने संपायला पाहिजे, शून्य आलं म्हणजे पकडलाच. हे तुझं तू शोधलंस ह्याचं मला फार कौतुक आहे, बरेच जण ती शून्यं बघून पुढे जातात.

आणि एक करून बघ, सुरुवात १, १ ने न करता ७, ३ ने कर, किंवा तुझा आणि बहिणीचा हजेरी नंबर घे. शेजारच्या कॉलममध्ये प्रत्येक पदाला आधीच्या पदाने भाग. सुरुवातीला ते गुणोत्तर वेड्यासारखं वरखाली उडतं, पण थोडं खाली गेलं की १.६१८ च्या आसपास येऊन बसतं. आकडे कुठलेही घे, तिथेच येतं.

कोडिंग क्लासवाले म्हणतात पायथन आल्याशिवाय श्रेढी नीट समजत नाही. सहा महिन्यांची फी भरू का?
*– एक बाबा, पिंपरी*

नका भरू. श्रेढीसाठी लागणारं पायथन पाच ओळींचं आहे. पहिलं पद ठेवा, छापा, फरक मिळवा, पुन्हा छापा, दहा वेळा. शाळेतला कुठलाही अकरावीचा कॉम्प्युटर सायन्सवाला दादा मधल्या सुट्टीत शिकवेल, वडापावच्या बदल्यात. मुलीला आवडलं तर ती स्वतःच पुढे जाईल, मग क्लासचं बघा.

बाई, शाळेत प्रोजेक्ट आहे, तंत्रज्ञान वापरून संख्यांचे क्रम. सगळे फिबोनाची आणि सूर्यफूलच करतायत. वेगळं काहीतरी सांगा ना, आणि लवकर सांगा, पुढच्या आठवड्यात द्यायचंय!
*– आठवीतली मुलगी, देवळाली*

देवळालीत राहून मला विचारतेस होय? तुमच्याच गावात दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे गणिताचे मास्तर राहायचे. डहाणूचा जन्म, १९०५ चा, फर्ग्युसनला शिकले आणि मग आयुष्यभर देवळालीला शाळेत शिकवलं. त्यांचं ६१७४ तुला माहीत असेल: चार अंकी संख्या घे, चारी अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या कर, चढत्या क्रमाने लावून लहान, वजा कर, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घे: ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४, आणि मग तिथेच अडकलीस. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळ्या संख्या तिथेच येतात. पण हे आता खूप जण करतात, म्हणून तू त्यांच्या स्वयंभू संख्या घे.

कुठलीही संख्या घ्यायची आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. २३ घेतली तर २३ + २ + ३ = २८. म्हणजे २८ चा जन्म २३ पासून झाला. काही संख्या अशा कुठूनच जन्माला येत नाहीत, त्या स्वयंभू. शीटमध्ये ए कॉलमला १ ते २०० टाक, बी मध्ये अंकांची बेरीज मिळवून आलेली संख्या, आणि सी मध्ये तपास की ए मधली संख्या बी मध्ये कुठे सापडते का, त्यासाठी काउंटइफ नावाचं फंक्शन आहे, शून्य आलं की ती स्वयंभू.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने हे केलं तेव्हा तिला आधी १, ३, ५, ७, ९ मिळाले, मग २०, ३१, ४२, ५३. ती तिथेच थांबली, म्हणाली बाई कळलं, ९ पासून पुढे अंकगणिती श्रेढी आहे, डी बरोबर ११. आणि तिने काउंटइफ सोडून दिलं, ९ आणि २० सिलेक्ट करून कोपरा धरून खाली ओढलं: ६४, ७५, ८६, ९७, १०८, ११९. मी काही बोलले नाही, फक्त म्हटलं ११९ कुणापासून जन्माला येतो का ते शोध. तिने शोधलं. १०९ + १ + ० + ९. ११९ स्वयंभू नव्हताच, १०८ नंतरचा स्वयंभू होता ११०, अंतर फक्त २. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसली, मग वही काढली आणि नव्वदीतल्या एकेका संख्येचं काय होतं ते हाताने लिहायला लागली. तू पण तिथूनच सुरू कर. ९० ते ९९ घे, बी कॉलममध्ये सम संख्या येतात की विषम ते बघ, आणि मग मला लिही की ११० वाचला कसा.